आतला चेंडू

गस टिलमन बॅट खांद्यावर टाकून चालत आला आणि बेसबॉलचा चेंडू फेकायला उभ्या असलेल्या एल्मर स्ट्राउडने नजर दुसरीकडे वळवली.

गेल्या वर्षी, १९०८च्या जुलैत, ओहायोतल्या याच मैदानावर एल्मरने फेकलेला चेंडू गसच्या कानशिलावर बसला होता. अकरा दिवस गस शुद्धीवर नव्हता. तेव्हापासून एल्मरने कुणाच्याच अंगाजवळ चेंडू टाकला नाही. सगळे बाहेरून. फलंदाजांना ते कळायला कितीसा वेळ लागणार? बिनधास्त पुढे सरकून ते त्याला झोडपू लागले. मॅनेजर मॅकगर्कने कालच सुनावलं होतं, "शनिवारी हरलास तर सामान बांध. बापाची वीटभट्टी आहे ना? थाप विटा."

आज शनिवार. शेवटचा डाव, एका धावेची आघाडी, दोन गडी बाद, गसच्या संघाचे दोघे बेसवर धावायला टपलेले.

चेंडू जिच्यावरून जायला हवा, त्या जमिनीतल्या पाटीवर गस जवळजवळ चढूनच उभा राहिला. "काय रे एल्मर! डोकं इथंच आहे बघ! का हात कापतोय अजून?"

लोक खदखदून हसले.

पहिला चेंडू फारच बाहेर गेला. दुसरा गसने असा हाणला की कुंपणापार गेला. रेषेच्या हातभर बाहेर पडला म्हणून एल्मर वाचला. एक स्ट्राइक; तीन झाल्या की गस बाद.

एल्मरचा कॅचर, फलंदाजामागे चेंडू झेलणारा बार्नी क्विल, धावत आला. "आत टाक."

"नाही जमणार."

"अरे, तो तोंडाने मागतोय!"

"मेला असता तो, बार्नी."

"मेला नाही ना? समोर उभा राहून तुझी अब्रू काढतोय. टाक!"

एल्मरने चेंडू आत टाकला.

गसचे गुडघे एकदम दुमडले. बॅट एकीकडे, टोपी दुसरीकडे, आणि गस दोन्ही हातांनी डोकं झाकून धुळीत आडवा. चेंडू त्याच्यापासून चांगला वीतभर लांबून, पाटीच्या कडेवरून गेला होता. "स्ट्राइक दोन!" पंच ओरडला.

गस उठला. चेहरा पांढराफटक. या वेळी तो पाटीपासून दोन पावलं मागे उभा राहिला. बार्नीने बाहेरच्या चेंडूची खूण केली. गसची बॅट तिथवर पोचलीच नाही. तिसरी स्ट्राइक, गस बाद. सामना संपला.

गडबड ओसरल्यावर एल्मर पाहुण्यांच्या बाकाकडे गेला. गस एकटाच बुटांच्या नाड्या सोडत होता.

"गस, त्या दिवशी मी मुद्दाम..."

"माहितीय." गसने मान वर केली नाही. "बायकोला रोज परसात चिंध्यांचा चेंडू फेकायला लावतो. तोसुद्धा आला की डोळे मिटतात. कुणाला सांगू नकोस, एवढंच कर."

"नाही सांगणार."

पण सगळ्यांनी पाहिलंच होतं. त्यानंतर जो तो गसला आतच टाकू लागला. पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, दोघे पुन्हा समोरासमोर आले. बार्नीने आतल्या चेंडूची खूण केली. एल्मरने मान हलवून नकार दिला आणि बाहेर टाकला. गसने त्यावर सणसणीत फटका मारून दोन बेस पळून काढले. मॅकगर्क बाकावरून अर्वाच्य ओरडत होता. एल्मरने लक्ष दिलं नाही.

ऑगस्टात गसला संघातून काढलं. एल्मर पुढे सात वर्षं खेळला, त्यातली तीन मोठ्या लीगमध्ये, आणि त्याच्या आतल्या चेंडूला भले भले फलंदाज वचकून असत.