शालीची क्लिप

कबड्डीच्या सामन्यात माझं काम एकाच बटनाचं. मैदानावर काही घडलं की ते दाबायचं. लॅपटॉप मागची दहा सेकंदं जपून ठेवतो आणि मग ती सावकाश पुन्हा दाखवता येतात. लोकांना वाटतं, ही बाई नुसती बसून असते. बसून पाहा म्हणावं एकदा.

मारेगावच्या स्पर्धेत फायनलला राजूरचा संघ होता आणि त्यात माझा धाकटा भाऊ संघदीप. जिंकणाऱ्या संघातले दोघं जिल्ह्याच्या शिबिराला जाणार होते. वयाच्या अटीमुळे त्याचं हे शेवटचं वर्ष.

"ताई, माही एक बी रेड सोडू नको," सकाळी तो म्हणाला.

"तू खेळ. मी आहो ना."

प्रमुख पाहुणे हाफटाइमला उगवले. वेळेवर आला तर तो प्रमुख पाहुणा कसला! शाल, नारळ, हार, सगळं झालं. मी त्याचीही क्लिप ठेवली.

शेवटच्या रेडला गुण बरोबरीत होते. संघदीप निघाला आणि नेमके मंडळाचे अध्यक्ष बबनराव माझ्या खुर्चीवर वाकले.

"सायबाच्या घरचे लाइव्ह पाहून राह्यले. शालीचं स्लो मोशन लाव एकडाव."

"काका, रेड चालू हाये."

"तेवढ्यानं काय आभाळ पडते काय?"

मी लावलं. पुढच्या स्पर्धेचं काम त्यांच्याच हातात होतं, म्हणून लावलं. रिप्ले चालू असेपर्यंत आमचा लॅपटॉप मैदानाचं काही जपत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

स्क्रीनवर, लाइव्हवरही, शाल हळूहळू उलगडत होती. माझे डोळे मैदानावर. संघदीपनं एकाला शिवलं, चौघांनी त्याला दाबलं, आणि त्याची बोटं मध्यरेषेपलीकडं टेकली. मी स्पष्ट पाहिली.

पंचांनी त्याला बाद दिलं.

राजूरवाले ओरडले, "रिप्ले दाखवा!" पंच टेबलाशी आले. भला माणूस. "दाखव बाई, माहं चुकलं असंन तर निकाल फिरवतो."

दाखवायला माझ्याकडं शाल होती. कॅमेऱ्यात कार्डही नव्हतं, नुसती वायर.

"मी पाह्यलं, सर. हात पलीकडं होता."

"तू त्याची बहीण ना?" ते हळूच म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं?

संघदीप धुळीनं भरलेला तसाच आला. "ताई, लाव ना."

"नाई हाये रे."

तो वळून चालायला लागला. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वायरी गुंडाळत होते तर बबनरावांचा फोन. "ते शालीची क्लिप पाठव. सायबाले स्टेटसले ठेवाची हाये."

पाठवण्याआधी एकदा पाहिली. पाहुण्यांच्या खांद्यामागं संघदीप पाणी पीत उभा आहे. तो थेट कॅमेऱ्याकडं बघतो, दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांशी नेतो आणि मग माझ्याकडं रोखतो. लक्ष ठेव. सावकाश चालतं ते, अगदी स्पष्ट दिसतं.

मी क्लिप पाठवली.