सेनापतीच्या ओठावरची मिशी

मी एक जुनी मिशी आहे. खोटी आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण ज्यांच्या ओठावर मी बारा वर्षे बसले, त्यांना ते एकदाही सांगता आले नाही.

मित्रांनो, फाटक्या छत्रीचे, शाळेच्या घंटेचे आत्मवृत्त तुम्ही वाचले असेल. त्या बिचाऱ्यांना बोलण्याची सवय नसते. माझे तसे नाही. मी वर्षानुवर्षे तोंडाच्या अगदी वर राहिले आणि त्या तोंडातून काय काय बाहेर पडते, ते सगळ्यांच्या आधी ऐकले.

माझा जन्म नागपुरात महाल भागातल्या एका बोळात, शालिकरामच्या दुकानात झाला. शालिकराम नाटकवाल्यांना दाढ्या, मिश्या आणि टोप करून द्यायचा. त्याचे स्वतःचे डोके तांब्यासारखे लखलखीत होते. गिऱ्हाइकांचा त्याच्यावर त्यामुळेच विश्वास बसे. हा माणूस चांगला माल स्वतःसाठी काढून ठेवत नाही, हे लांबूनच दिसायचे.

त्याच्याकडे एके दिवशी रुपराव आले. टपाल कचेरीत पार्सलांवर शिक्के मारण्याचे काम ते करत. उंची भरपूर, छाती रुंद, डोळे मोठे; फक्त वरच्या ओठावर काही उगवत नव्हते. लहानपणी पोळ्याच्या दिवशी त्यांनी उकळत्या पुरणात बोट घालण्याऐवजी थेट तोंड घातले होते. आता गणेशोत्सवातल्या नाटकात त्यांना सेनापती व्हायचे होते. गुळगुळीत ओठाने चढाईचा हुकूम दिला, तर सैन्य हलेल की नाही, अशी दिग्दर्शकाला शंका होती.

"बकऱ्याच्या केसांची करून देतो," शालिकराम म्हणाला. "पण घाम आला का झडते गा. अन् वास येते तो वेगळाच."

"अन् माणसाच्या केसांची?"

"ते बेस. पण लांब केस पायजेत, बाईचे. आणशील कोठून?"

रुपराव सक्करदऱ्याच्या तलावाजवळ राहत. रात्रीच्या जेवणात त्यांनी भाकरी नुसतीच मोडून ठेवली. त्यांची बायको भागीरथा तेव्हा वीस वर्षांची होती आणि तिचे केस गुडघ्याला लागत. न्हाणे झाले की वाळवायला अर्धा दिवस जाई. मित्रांनो, त्या काळी सवाष्ण बाईने केसांना कात्री लावणे म्हणजे नवऱ्याच्या आयुष्याला कात्री लावणे समजत. कात्री दिसली तरी बायका पदर सारखा करत.

"काहून जेवून नाई राहिले?" तिने विचारले. त्यांनी सांगितले. तिने थोडा विचार केला, उठून कात्री आणली आणि मान खाली घातली.

"मानेवरचे कापा. अंबाडा घातला का दिसत नाई."

"अन् कोणी पायलं तं?"

"माया मानेकडं कोण पायते? तुमच्या ओठाकडं सारं गाव पायणार हाय." मग ती जरा थांबून म्हणाली, "एक मात्र कबूल करा. मोठे झाले तं मले मांगं टाकू नका."

"तुले टाकून कुठं जाऊ वं?" रुपराव म्हणाले. "तूच तं तोंडावर बसली राहशील."

अशी मी झाले. शालिकरामने जाळीवर एकेक केस गुंतवला, मेण लावून दोन्ही टोके वर वळवली आणि मला आरशासमोर धरले. मी देखणी होते. ही बढाई नाही. पुढे वर्तमानपत्रांनीही तेच छापले.

नाटक गाजले. सेनापती संवाद विसरला, पण मिशी विसरली नाही, असे लोक म्हणाले. त्याच थंडीत मुंबईची एक कंपनी चित्रपट काढायला रामटेकच्या गडावर आली. त्यांचा मुंबईहून आणलेला सेनापती पहिल्याच दिवशी वानरांना भिऊन गाडी पकडून परत गेला. कोणीतरी रुपरावांचे नाव सुचवले. रुपराव मला लावून गड चढले. कंपनीच्या मालकाने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "ही खरी का?"

रुपरावांनी माझ्या टोकावरून बोट फिरवले. मला वाटले, आता भागीरथाचे नाव निघेल.

"खरी," ते म्हणाले.

ती पहिली खोटी गोष्ट. मला तेव्हा वाईट वाटले नाही. उलट गुदगुल्या झाल्या.

स्टेशनावर निघताना त्यांनी भागीरथाला सांगितले, "खोली झाली का तुले न्यायले येतो. दिवाळीच्या आत." तिने शिदोरी दिली, आणि मी मेणाने डबीला चिकटू नये म्हणून माझ्या डबीत मऊ फडके घालून दिले.

मुंबईत ते नायक झाले. तेव्हा चित्रपट मुके असत, त्यामुळे पडद्यावर ओठ हलले की भागायचे; काय बोलता याची चौकशी नसे. नायिका चारुशीलेचा हात धरून प्रेमाच्या गोष्टी सांगायच्या प्रसंगी रुपराव स्टेशनांची नावे घेत. डोळ्यांत पाणी आणून, अगदी हळुवार: "कल्याण, नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, धामणगाव, वर्धा… नागपूर." नागपूर आले की त्यांचा आवाज खरोखर कापायचा. पडद्यासमोर बायका पदराने डोळे पुसत. चारुशीला मात्र एकदा म्हणाली, "रुपराव, तुमच्या प्रेमात गाडी फार ठिकाणी थांबते."

मिशी म्हटली की केस गळणारच. म्हणून दर दिवाळीला रुपराव नागपूरला येत, भागीरथा मान खाली घालून एक बट देई, शालिकराम माझी विरळ झालेली जागा भरी. तीन दिवाळ्या असे चालले. खोली अजून झालेली नव्हती. आधी ती लहान होती, मग ओल होती, मग शेजार बरा नव्हता.

चौथ्या दिवाळीला कामे फार होती. रुपराव आले नाहीत. त्यांनी मला पाठवले. पार्सल कसे बांधावे हे त्यांना उत्तम येत होते. गाठ सुरेख, पत्ता सुवाच्य. आत चिठ्ठी होती: "डावी बाजू जास्त भरावी."

पुढे तेच रुळले. दर दिवाळीला मी एकटी डबीत बसून यायची आणि भरून परत जायची. शेजारच्या यमुताई पोस्टमन दिसला की ओट्यावर येत.

"आला का वं तुया नवरा?"

"आला," भागीरथा डबी पदराखाली घेऊन म्हणायची.

"मायाच्यापेक्षा बरा. तुयावाला घोरत तं नाई."

भागीरथा हसायची. मग दार लावून मला तळहातावर घ्यायची आणि विचारायची, "कसे हायेत?" मला सांगता आले असते, तर काय सांगितले असते? प्रेमाच्या प्रसंगात गाडी आता नागपूरपर्यंत येत नव्हती. आधी ती बडनेऱ्याला थांबू लागली, मग भुसावळला. सातव्या वर्षी रुपराव चारुशीलेच्या डोळ्यांत पाहून "कल्याण" एवढेच म्हणाले आणि मग उगाच हसत राहिले.

दरम्यान बाजारात 'रुपराव मिशीवर्धक तेल' निघाले होते. बाटलीवर माझे चित्र होते आणि खाली रुपरावांची सही: "माझी मिशी याच तेलाने वाढली." यमुताईंच्या यजमानांनी दोन महिने ते तेल ओठाला चोळले. मिशी वाढली नाही. नाक मात्र तुकतुकीत झाले. एका मासिकाने हेही छापले की रुपराव अविवाहित असून कलेलाच त्यांनी सर्वस्व मानले आहे. तो अंक आमच्या मुंबईच्या खोलीत महिनाभर पडून होता. रुपरावांनी चूक दुरुस्त करायला पत्र लिहिले नाही. टपालखात्यातला माणूस, पण त्या एका पत्राला त्यांना पोस्ट सापडले नाही.

मग बाराव्या वर्षी नागपुरातल्या एका नव्या चित्रपटगृहाच्या उद्घाटनाला त्यांना बोलावणे आले. मे महिन्यातली दुपार. कनात, फेटे, हार, संत्र्यांच्या करंड्या. भागीरथा यमुताईंबरोबर बायकांच्या बाजूला बसली होती. तिने ठेवणीतले लुगडे नेसले होते. तिच्या मनात एकच होते: आज चार लोकांत ते मला ओळखतील, आणि संध्याकाळी घरी येतील.

स्वागताचे काम धंतोलीच्या वकीलसाहेबांच्या पत्नी इंदुताईंकडे होते. त्यांनी विचारले, "पाहुण्यांना ओवाळायला कोणी सवाष्ण पुढे येईल का?" यमुताईंनी भागीरथाला अशी ढोसली, की ती ताटासकट व्यासपीठावर पोचली.

आम्ही समोरासमोर आलो. मी तिच्याकडे पाहिले. रुपरावांनीही पाहिले. डोळे तेच, मोठे. मग त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नमस्कार, ताई."

मित्रांनो, नवऱ्याने बायकोला काय काय म्हणावे यावर आमच्याकडे फार बंधने नाहीत. पण ताई म्हटल्यावर मागे काही उरत नाही.

भागीरथाचे ताट हलले नाही. तिने कुंकू लावले, ओवाळायला निरांजन वर नेले. त्या आगीने आणि त्या उन्हाने माझ्या डाव्या बाजूचा डिंक सुटला. मी लोंबले. सहाशे माणसे पाहत होती, पण तिची पाठ त्यांच्याकडे होती; मला फक्त तिने पाहिले. रुपरावांच्या कपाळावरून घाम उतरला. ते ओठ न हलवता म्हणाले, "भागीरथा."

मला वाटले, सोडून दे. पडू दे मला. तेलाच्या बाटल्यांसकट सगळे पडू दे. मी तर निम्मी पडलेच होते.

तिने अक्षता लावण्याच्या निमित्ताने अंगठा माझ्यावर टेकवला, दाबून धरला, आणि डिंक धरेपर्यंत हलली नाही. लोकांना वाटले, बाईंना भरून आले.

त्या संध्याकाळी रुपराव मेलने परत गेले. घरी आले नाहीत.

दिवाळीला मी नेहमीप्रमाणे डबीतून आले. चिठ्ठी होती: "त्या दिवशी नाइलाज होता. उजवी बाजू भरावी." भागीरथाने ती दोनदा वाचली. मला बाहेर काढून चूल पेटवावी की काय, असा विचार तिच्या तोंडावर दिसला. मग तिने आरसा घेतला आणि कितीतरी वर्षांनी स्वतःच्या मानेकडे पाहायचा प्रयत्न केला. ती जागा उजाड झाली होती. दरवर्षी कापून कापून तिथे आता काही वाढत नव्हते.

मुंबईला तिने फक्त डबी परत पाठवली. गाठ सुरेख मारली होती.

पुढचे मी शालिकरामकडून ऐकले. रुपरावांना बकऱ्याच्या केसांची मिशी लावावी लागली. चित्रपट बोलू लागले होते आणि कॅमेरा जवळ येऊ लागला होता. दिव्यांच्या उष्णतेत नवी मिशी झडली आणि तिचे केस चारुशीलेच्या तोंडात गेले. ती भर प्रसंगात शिंकली, आणि ती शिंक स्पष्ट ऐकू आली. मग सेनापतीचे सरदार झाले, सरदाराचे द्वारपाल झाले. तेलाच्या बाटल्यांवरचे कागद काढून त्यात रॉकेल विकले जाऊ लागले.

आणखी आठ वर्षांनी, एका सकाळी, सक्करदऱ्याच्या दारात एक पिशवीवाला माणूस उभा राहिला. ओठ गुळगुळीत, डोळे मोठे. भागीरथा अंगणात तुळशीला पाणी घालत होती.

"मी आलो," रुपराव म्हणाले.

तिने तांब्या खाली ठेवला. "काय पायजे, भाऊ?"

त्यांना राग आला असता तर मला बरे वाटले असते. पण ते फक्त पिशवीशी चाळा करत राहिले. मला अजूनही आशा होती. ते म्हणतील, चुकलो. ते विचारतील, कशी आहेस.

"एका म्हाताऱ्या सुभेदाराचं काम मिळून राहिलं," ते म्हणाले. "शेवटचंच. ते… मिशी हाय का अजून?"

"ते नाई आता."

"फेकली?"

"नाई. ज्याची होती त्याले परत देली."

ती आत जायला वळली. आता मी कुठे होते ते सांगते, मित्रांनो. शालिकरामने माझे मेण धुऊन, मला बारीक पिनांनी भागीरथाच्या अंबाड्याखाली, त्या उजाड जागेवर बसवले होते. केस तिचेच, फक्त तिचे पांढरे झालेले आणि माझे अजून काळे. वर शेवंतीचे फूल होते. माझी दोन टोके जुन्या सवयीने थोडी वर वळलेली होती. ती काही केल्या खाली बसत नाहीत.

रुपराव तिच्या पाठीकडे पाहत उभे होते. ऊन चांगले होते. बारा वर्षे मी त्या माणसाच्या नाकाखाली काढली, त्याचा श्वास माझ्यातून गेला, त्याचे अश्रू मी प्यायले. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. मला ओळखले नाही.

पिशवी खांद्याला अडकवून ते स्टेशनाच्या दिशेने गेले. भागीरथाने आतून विचारले, "गेले का?" आणि मग ती स्वतःच म्हणाली, "चहा तरी घेतला असता."

माझे मागणे मोठे नाही, मित्रांनो. मला काचेच्या कपाटात ठेवू नका. मी आहे तिथे बरी आहे. फक्त कधी आरशात पाहाल आणि स्वतःचे रूप फार आवडेल, तेव्हा ते कोणाच्या मानेवरून कापून आणलेले आहे, एवढे एकदा आठवा. आणि ते माणूस चार लोकांत समोर आले, तर त्याला त्याच्या नावाने हाक मारा.