धरणाच्या पोटातला ट्रक

युए-श्यानं उकळत्या पाण्यात नूडल्स सोडल्या आणि खाली धरणात चाललेले बुलडोझर एकाएकी थांबले.

आठवडाभर त्यांची घरघर चालू होती. धरणाचे तळदरवाजे उघडून पाणी सोडून दिलं होतं. मधून वाहणारी नदी वर्षानुवर्षांचा गाळ कापून दरवाजाबाहेर नेत होती आणि बुलडोझर काठचा गाळ तिच्यात ढकलत होते. कामगार जेवायला वर युए-श्याच्या ठेल्यावर येत. पण जेवणाला अजून वेळ होता.

मागच्या नळावर सासू वाट्या घासत होती. नऊ वर्षांपूर्वी तिचा मुलगा कुन-शान गॅस आणायला म्हणून भर वादळात ट्रक घेऊन गावात उतरला, तो परतलाच नाही. त्याच आठवड्यात नाक्यावरची सुपारी विकणारी पोरगीही नाहीशी झाली. दोघं मिळून पळून गेली, असं गावानं जुळवलं. युए-श्यानं नवऱ्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. सासूला तिनं घराबाहेर काढलं नाही. पण तेव्हापासून म्हातारी सुनेसमोर जेवायला बसली नव्हती. गिऱ्हाईकं गेली की उरलंसुरलं नळापाशी उभ्यानंच खाई. बस म्हणून युए-श्यानंही कधी म्हटलं नाही.

बुलडोझर चालवणारा अ-तेक चढ चढून आला. गुडघ्यापर्यंत चिखल. हेल्मेट हातात.

"वहिनी, कुन-शानचा ट्रक निळा होता ना?"

युए-श्या हसली. "का? विकायला काढला का त्यानं? सुपारीवाली पोसवेना वाटतं."

अ-तेकनं मान खाली घातली.

"रस्त्याच्या वळणाखालचा गाळ ढासळला. त्यातून ट्रक निघालाय. तो आत आहे, वहिनी."

"कोण?"

"कुन-शान."

"आणि ती पोरगी?"

"पोरगी कुठली? एकटाच आहे." मग तो हळूच म्हणाला, "मागं गॅसचं सिलिंडर आहे. दोरीनं आवळून बांधलेलं. परत येत होता तो."

युए-श्याच्या हातातला झारा तसाच हवेत राहिला. पातेल्यातला फेस उतू गेला, शेगडी फसफसली आणि विझली. गॅसचा वास सुटला. तिला तो आला नाही. अ-तेकनंच पुढं होऊन बटण फिरवलं.

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

म्हातारी कमरेच्या फडक्याला हात पुसत पुढं आली. तिनं सगळं ऐकलं होतं. चेहरा दगडासारखा झाला होता.

"मला खाली ने," ती अ-तेकला म्हणाली.

"पोलीस येईपर्यंत कुणाला सोडत नाहीत, काकू. आले की मीच न्यायला येतो."

तो गेला. म्हातारी क्षणभर रस्त्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं गिऱ्हाइकांचं स्टूल ओढलं आणि अगदी पुढच्या टेबलाशी ताठ बसली.

"वाढ मला," ती म्हणाली.

युए-श्यानं फुगून गेलेल्या नूडल्स वाटीत काढल्या, वर रस्सा ओतला. अर्धा टेबलावर सांडला. तिनं दोन्ही हातांनी वाटी पुढं ठेवली.

म्हातारीनं एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

युए-श्या मिठाचा डबा घेऊन तिच्याशेजारी उभी राहिली.