झॅक्स नावाचं पाखरू

अण्णांची हयात छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली, आणि डोळेही तिथेच खर्ची पडले. आता खिडकीतला उजेड तेवढा कळायचा. बोटं मात्र शाबूत होती. इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळातल्या लाकडी सोंगट्यांवर अक्षरं कोरलेली होती. अण्णा त्यांवर अंगठा फिरवायचे नि म्हणायचे, "आलीस का गं क्यूबाई, छळायला?"

त्यांना घरात भिडू एकच, त्यांची सून. आणि घरचा कायदाही एकच: शब्द मांडेल त्यानं अर्थ सांगायचा, नाहीतर सोंगट्या मुकाट्यानं उचलायच्या. बाकीचे खेळाडू नुसते शब्द घोकतात, हे अण्णांच्या पचनी पडत नसे. "अर्थ ठाऊक नाही, तर शब्दाला घरात घेतलंस कशाला?"

सून जाडजूड कोशातून अर्थ वाचून दाखवायची आणि अण्णा त्याचं गाणं जुळवून ठेवायचे.

नदीमधी इवलं बेट,
त्याला गं म्हणती एट.

त्या दिवशी ती सारखी हरत होती, चिडीला आली होती. शेवटी तिनं 'झॅक्स' मांडला. गुण भरघोस, पण शब्द घोकलेला. कोश आतल्या खोलीत, आणि शेगडीवर दूध वर येत होतं.

"अर्थ?" अण्णांनी विचारलं.

"पाखरू," ती दुधाकडे बघत म्हणाली. "पांढरं. अगदी दुधासारखं."

"बसतं कुठं?"

"छपरावर बसतं. आता मोजा की गुण!"

ती जिंकली. भांडी आवरून तिनं कोश उघडला, तर झॅक्स म्हणजे छपराच्या दगडी पाट्या कापायचं हत्यार! तिचं तिलाच हसू आलं. सकाळी सांगू, म्हणाली.

सकाळी अण्णा तोंडाला साबण फासून गुणगुणत होते:

झॅक्स गं पाखरू, पंख त्याचे दुधावाणी,
छपरावरी बसे, जशी माहेरी लेक राणी.

तिच्या तोंडचा शब्द तोंडातच राहिला. मग आज राहिला, उद्या राहिला. अण्णा अंघोळीला पाखरू गात, जेवताना पाखरू गात.

अशात वाचनालयात हा खेळ शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. "अण्णा, आमच्या नव्या खेळाडूंना शब्द येतात, अर्थ येत नाहीत. तुमची गाणी ऐकवाल?"

"ऐकवतो की! शेवट पाखरानं करू," अण्णा खुलले.



जायच्या दिवशी ती त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. गळ्याशी आली आणि हात थांबले.

"अण्णा, झॅक्स पाखरू नाही हो. हत्यार आहे, छपराच्या पाट्या कापायचं. मी जिंकायला थाप मारली."

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "आणि एट?"

"एट खरं आहे अण्णा. सगळे खरे आहेत. तुमच्या डोळ्यांची..." तिनं जीभ चावली.

"बरं, तू म्हणतेस तर." उरलेलं बटण त्यांनी स्वतः लावलं. "कोश घे बरोबर."

वाचनालयात अण्णांनी एकेक गाणं म्हणायचं, बाईंनी कोशातून अर्थ वाचायचा, असं चाललं. "अगदी बरोबर!" बाई दर वेळी म्हणत आणि टाळ्या पडत. सुनेला हायसं वाटायला हवं होतं. पण प्रत्येक 'बरोबर'ला अण्णांच्या खांद्यावरचा ताण थोडा उतरताना ती बघत होती, आणि तो ताण आपण चढवलाय हे तिला खात होतं.

"आणि झॅक्स? तो आम्ही नुसता घोकलाय," एका नव्या खेळाडूनं मागून विचारलं.

"छपराच्या पाट्या कापायचं हत्यार," अण्णा म्हणाले. "त्याचं गाणं व्हायचंय अजून."

परतताना रोजच्यासारखाच त्यांनी तिचा दंड धरला होता.

"अण्णा, चार शिव्या तरी द्या हो."

"शिव्या कसल्या देऊ? त्या हत्याराचं गाणं करीन मी, अर्थ आहे तो. तू वाच, मी जुळवीन." ते चालता चालता थांबले. त्यांनी मान वर केली, जिथं एखादं छप्पर असावं तिथं.

"फक्त एवढंच गं पोरी," ते म्हणाले, "ते पाखरू मला दिसायचं."