पाद्रीला घातलेली साद

गारलँडने सीडरच्या लाकडाची डबी माझ्या हातात दिली तेव्हाच मी त्याला सांगितलं होतं, की हे काम माझ्याच्याने व्हायचं नाही.

"मला त्यातला सूर लागत नाही," मी म्हणालो.

"सूर कोण मागतंय? चर्चमध्ये गायचंय का तुला?" तो कुजबुजला. त्याची कुजबुज म्हणजे इतरांचं बोलणं. दोन वर्षांपासून त्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही. "झाकण डबीवर घासायचं. टर्कीच्या मादीसारखं वाजलं पाहिजे. दहा वेळा दाखवलंय."

"तू वाजव ना. मी पुढे बसतो."

"आणि बंदूक? तू मारणार त्याला?"

चाळीस वर्षं मी गारलँडबरोबर डोंगराच्या या धारेवर येतोय आणि एकाही टर्कीवर गोळी झाडलेली नाही. माझी बंदूक गेली बारा वर्षं घरी कपाटात आहे. मी येतो तो थर्मास आणि सॉसेज घातलेली बिस्किटं, म्हणजे आमच्याकडचे मऊ पाव, घेऊन. गारलँड माझ्या बायकोचा, ओलेटाचा, धाकटा भाऊ. ओलेटा गेल्यावर मला वाटलं होतं की आता तो मला बोलावणार नाही. पण त्या वसंतातही पहाटे चार वाजता त्याने दारासमोर गाडी लावून भोंगा वाजवला होता.

आम्ही ज्याच्या मागावर होतो, तो रानटी टर्की म्हणजे पाद्री. त्याच्या छातीवर लोंबणारी केसांची दाढी जवळजवळ जमिनीला टेकते आणि एकदा ओरडायला लागला की थांबत नाही, म्हणून गारलँडने त्याला हे नाव दिलं. तीन वसंत गारलँड त्याच्या मागे आहे. तीनही वसंत पाद्री सादेला उत्तर देत धारेवर चढून येतो, साठ पावलांवर थांबतो, मादी कुठे दिसते का ते बघतो, दिसली नाही की परत जातो. म्हणून या वेळी गारलँडने युक्ती काढली होती: बंदूक पुढे, साद तीस पावलं मागे. पक्षी मागच्या सादेकडे निघेल आणि साठाव्या पावलावर थांबेल तेव्हा गारलँडच्या पुढ्यातच असेल.

हंगामाचा शेवटचा दिवस होता. आणि सोमवारी गारलँडची मुलगी त्याला ओहायोला, तिच्या घरी घेऊन जाणार होती. तिथे डोंगर नाहीत. हे आम्ही दोघंही बोललो नव्हतो, पण त्या दिवशी त्याने वडिलांची बंदूक आणली होती.

"टोपी काढू नकोस," मी म्हणालो.

"काय?"

मी माझ्या टोपीकडे बोट दाखवलं.

"कानावर आली की उरलंसुरलंही ऐकू येत नाही मला."

"तरी काढू नकोस. मी दोरी ओढीन."

गारलँडचे केस कापसासारखे पांढरे आहेत आणि मधलं टक्कल उन्हाने लाल झालेलं. वसंतात टर्कीच्या नराचं डोकं लाल, पांढरं, निळं होतं. त्या रंगाचा रुमालसुद्धा आम्ही शिकारीला खिशात ठेवत नाही.

दोरीची कल्पना मात्र माझी होती. मासे धरायची हिरवी दोरी, एक टोक गारलँडच्या बुटाला, दुसरं माझ्या मनगटाला. पाद्री डावीकडे ओरडला तर एक हिसका, उजवीकडे ओरडला तर दोन. गारलँडला ही कल्पना आवडली असावी, कारण त्याने तिची फक्त एकदाच थट्टा केली.

"बकरी बांधतोयस की काय?" तो म्हणाला, आणि पुढे जाऊन एका मोठ्या ओकच्या झाडाला खांदा टेकवून बसला. रात्री त्याने रानकांदे तळून खाल्ले होते. तीस पावलांवरूनही मला त्यांचा वास येत होता.

मी झाकण घासलं. पहिले दोन सूर बरे आले. तिसरा किंचाळला, चौथा निघालाच नाही, पाचवा जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आला. गारलँडने नुसती मान हलवली. त्याला कसं कळलं, कोण जाणे.

आणि खालून, डाव्या खोऱ्यातून, पाद्री ओरडला.

लाकडी जिन्यावरून पिंप गडगडत यावं तसा तो आवाज. मी दोरीला एक हिसका दिला. गारलँडचा खांदा डावीकडे वळला, बंदूक गुडघ्यावर चढली.

नंतर सगळं थांबलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पक्षी यायचा असला की गप्प होतो, आणि जायचा असला तरीही गप्प होतो, त्यामुळे त्या गप्प बसण्यावरून काहीच कळत नाही. डॉगवूडची पांढरी फुलं संपत आली होती आणि एकेक पाकळी खाली येत होती. मी पुन्हा झाकण घासलं. पुन्हा तोच बिजागरीचा आवाज.

उजवीकडे पाला वाजला.

खार असेल, मी म्हटलं. खारी माणसापेक्षा जास्त आवाज करतात. मी तिकडे बघितलं. पडलेलं झाड, त्याच्या उपटलेल्या मुळांना चिकटून उभा राहिलेला चिखल, लॉरेलची झुडपं. चिखलाच्या बाजूला एक काळसर गोळा. तो आधी तिथे होता का? मला आठवेना.

इथे मला माझ्या खोडाबद्दल सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी, याच धारेवर, गारलँडच्या पुढ्यात नर येऊन उभा असताना मी "अस्वल!" म्हणून उठलो होतो. नर उडून गेला. अस्वल म्हणजे जळकं खोड निघालं. ती गोष्ट गारलँडने न्हाव्याच्या दुकानात सांगितली आणि त्यानंतर गावात कुणी मला माझ्या नावाने, वेंडेल म्हणून, हाक मारली की मागून दुसरा कुणीतरी हमखास विचारतो, "काय मास्तर, आज खोड चावलं का?" मी सदतीस वर्षं तालुक्याची लायब्ररी सांभाळली. तिथे कुणी मला कधी काही विचारलं नाही, पण खोडाबद्दल सगळे विचारतात.

म्हणून मी त्या गोळ्याकडे बघत राहिलो आणि स्वतःला सांगत राहिलो, खोड आहे.

मग त्या गोळ्यातून एक रेघ निघाली. काळी, बारीक, सरळ. जंगलात वाकडं काय हवं ते सापडतं, पण सरळ काही नसतं. मी डोळे मिटले, उघडले. रेघ तिथेच होती, फक्त आता जरा उंच.

माणूस होता. बंदूक घेऊन माझ्या सादेच्या दिशेने सरपटत आलेला.

आवाजावर सरपटत जायचं नाही, बसून पक्ष्याला आपल्याकडे बोलवायचं, हे आमच्याकडे मुलांना बंदूक हातात देण्याआधी शिकवतात. तरी दरवर्षी कुणीतरी सरपटत जातोच. पण हा माणूस माझ्याकडे बघत नव्हता. रेघेचं टोक माझ्या पुढे, गारलँडच्या ओककडे होतं.

मी गारलँडकडे बघितलं. त्याने टोपी काढली होती.

ती त्याच्या मांडीवर होती. त्याने मान डावीकडे वाकवून कानामागे हात धरला होता आणि झुडपाच्या वर त्याचं डोकं हळूहळू हलत होतं, पांढरं आणि लाल.

माझा हात दोरीवर गेला आणि तिथेच थांबला. दोरी ओढली तर तो हलेल. ते डोकं झटकन वळेल, जसं पक्ष्याचं वळतं. त्या माणसाला तेवढंच हवं असेल. हात हलवायचा नाही, शीळ घालायची नाही. दुसरा शिकारी दिसला तर जागचं हलायचं नाही आणि माणसासारखं मोठ्याने ओरडायचं, एवढा एकच उपाय. सगळ्यांना माहीत असतो.

आणि तेवढ्यात डावीकडून पाद्री आला.

फर्नमधून आधी डोकं आलं, मग ती दाढी, मग तो सबंध फुलला. शेपटीचा पंखा, तांब्यासारखी चमकणारी छाती. तो गारलँडपासून पंचेचाळीस पावलांवर होता आणि चालत होता. तीन वसंतांत पहिल्यांदा तो गारलँडपासून साठ पावलांवर थांबला नव्हता. गारलँडने टोपी खाली सरकू दिली आणि बंदूक खांद्याला लावली. त्याची पाठ मला दिसत होती. इतकी ताठ पाठ मी ओलेटाच्या अंत्यविधीनंतर बघितली नव्हती.

आणखी दहा पावलं. गारलँडला आणखी दहाच पावलं हवी होती.

ती रेघ फांदी असेल तर? मी ओरडलो आणि ते पुन्हा खोड निघालं तर? गारलँड काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं. तो सोमवारी गाडीत बसेल आणि काही न बोलता ओहायोला जाईल. माझं मन नेहमी असंच करतं. दिसतं ते खोटं असेल, ऐकलं ते चुकीचं असेल, आणि मी बोलेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. पाद्रीने एक पाऊल टाकलं. उजवीकडे काहीतरी टिचकलं, अगदी बारीक. बंदुकीचा सेफ्टीचा खटका सरकवल्याचा आवाज. की वाळकी काटकी?

मला ठरवायला वेळ मिळाला नाही, हे खरं. ठरवलं असतं तर मी गप्पच राहिलो असतो.

"गारलँड क्लीटस प्रॉफिट!"

आवाज माझा होता, पण शब्द ओलेटाचे होते. लहानपणी जेवायला उशीर झाला की ती ओसरीवर उभी राहून त्याला असं तिन्ही नावांनी बोलवायची, आणि म्हातारपणी तो चिखलाच्या बुटांनी आमच्या स्वयंपाकघरात आला तरीही. ती हाक खोऱ्यापलीकडे जाऊन परत आली.

पाद्री उडाला. एवढं जड धूड इतक्या वेगाने कसं उडतं, मला कधीच कळलेलं नाही. गारलँड जागच्या जागी थिजला, हात वर करून, जशी शाळेतली मुलं थिजतात. उजवीकडे ती रेघ खाली पडली.

"देवा," झुडपातून कुणीतरी म्हणालं. "देवा, देवा."

चाळिशीचा माणूस उभा राहिला. तोंडाला हिरवा रंग, दोन्ही हात रिकामे, पुढे धरलेले. "मी पलीकडच्या खोऱ्यातला. डॉर्सी लाइल. खाणीवर असतो. काका, मला तो नर वाटला. मी चापावर बोट ठेवलं होतं. खटका काढलेला होता."

गारलँडला यातलं निम्मंच ऐकू आलं असावं. त्याने डॉर्सीच्या बंदुकीकडे बघितलं, मग तिच्या नळीच्या दिशेने आपल्या ओककडे, मग मांडीवरून घरंगळलेल्या टोपीकडे. त्याने ती वाकून उचलली आणि कानांपर्यंत खाली ओढून घातली.

"सादेवर सरपटत आलास?" मी विचारलं. माझा आवाज अजून मोठाच होता, मला तो कमी करता येईना. "तुला कुणी शिकवलं नाही?"

"शिकवलंय काका. माझ्या आजोबांनी शिकवलंय." त्याने तोंड पुसलं, रंग कानापर्यंत गेला. "शिकारी असता तर मी आलोच नसतो. शिकाऱ्याची साद ओळखू येते, गुळगुळीत असते. ही तर... मध्येच चिरकत होती, मध्येच बंद पडत होती. असं फक्त खऱ्या माद्या करतात. मी म्हटलं, पुढे म्हातारी मादी आहे आणि बाजूला नर. एवढं वाईट कुणी माणूस वाजवूच शकत नाही."

मी डबीकडे बघितलं.

"काय म्हणतोय तो?" गारलँडने विचारलं.

"म्हणतोय, माझी साद वाईट होती."

"ते मला बहिऱ्यालाही माहीत आहे." मग तो डॉर्सीकडे वळला. "बस, पोरा. पडशील."

डॉर्सी बसला. मी त्याला थर्मासच्या झाकणात कॉफी दिली. "तुम्ही लायब्ररीतले ना?" तो मला म्हणाला. "लहानपणी यायचो मी. तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला." मग त्याने गारलँडची तीनदा माफी मागितली, आणि तिसऱ्यांदा गारलँड म्हणाला, "आता एक बिस्कीट खा आणि घरी जा." तो गेला. जाताना मोठ्याने बोलत गेला, एकटाच, झाडांशी, म्हणजे आपण माणूस आहोत हे कुणालाही कळावं.

गारलँडने बंदूक उघडली, काडतुसं काढली आणि माझ्यासमोर धरली.

"तुझ्याकडे ठेव."

"अजून नऊच वाजताहेत. बारापर्यंत परवानगी आहे."

"तुझ्याकडे ठेव, म्हटलं ना."

मी ती खिशात टाकली. आम्ही धारेवरून उतरायला लागलो, तो पुढे, मी मागे.

"तिच्यासारखा ओरडलास," तो शेवटी म्हणाला, पुढे बघतच. "मला वाटलं, बूट चिखलाचे आहेत."

मी "माफ कर, पक्षी गेला" असं म्हणालो. त्याने हात झटकला, ऐकू आलं नाही म्हणून, किंवा आलं म्हणून.

तेव्हाच खोऱ्याच्या पलीकडून, उजवीकडून, पाद्री ओरडला. पूर्ण लांबीचं प्रवचन. मी थांबलो. गारलँड चालतच राहिला आणि तीस पावलांवर त्याचा पाय अडकला, कारण दोरी अजून त्याच्या बुटाला होती आणि माझ्या मनगटाला. ती सोडायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

तो वळला. "काय?"

मी दोरीला दोन हिसके दिले.

गारलँड उजवीकडे वळून उभा राहिला. त्याने बंदूक खांद्यावरून उतरवली नाही. डोळे बारीक करून तो पलीकडच्या डोंगराकडे बघत होता, आणि टोपी घट्ट डोक्यावर होती.

"पुन्हा?" त्याने विचारलं.

पाद्री पुन्हा ओरडला. मी पुन्हा दोन हिसके दिले. मग पाद्री थांबेचना, आणि मी ओढत राहिलो, आणि गारलँड एक पाय पुढे ठेवून उभा राहिला, हलला नाही, ऊन खालच्या खोऱ्यात उतरेपर्यंत.