झडप क्रमांक चार

तृप्तीने ती मेल लिहिली तेव्हा तिला स्वतःच्या नेटकेपणाचं कौतुकच वाटलं होतं. चारच ओळी होत्या. सिन्नरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अठरा फेब्रुवारीला अमोनियाची झडप क्रमांक चार दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी उघडली, हुकूम पॅनेलवरून गेला, आणि पॅनेलवर त्या वेळी नाव गोटीरामचं होतं. तिथल्या मालकांनी विचारलं तेवढं तिने सांगितलं. मशीनच्या नोंदींमध्ये 'झडप' हा शब्द शोधला, सापडल्या तेवढ्या ओळी उचलल्या आणि पाठवून दिल्या. त्यांच्या वर-खाली काय आहे ते बघ असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं न करण्यात शिकलेली माणसं फार पटाईत असतात.

झडप उघडली तेव्हा तिच्याखालच्या पाइपाचं काम बुधा करत होता. अमोनिया सरळ त्याच्या तोंडावर आला. डोळे कसेबसे वाचले, पण छाती आतून भाजली. बुधा आणि गोटीराम दोघं इगतपुरीच्या पलीकडच्या एकाच पाड्यावरचे. लहानपणी गुरं एकत्र राखलेली, आणि या कामावर बुधाला आणलंही गोटीरामनेच. बुधा नाशिकच्या एका हॉस्पिटलात पडला आणि इकडे तृप्तीच्या मेलचा कागद पुढ्यात ठेवून मालकांनी बारा वर्षं पॅनेल सांभाळणाऱ्या गोटीरामला क्रेट उचलायला लावलं. पोलिसांनी जबाब घेतला. गोटीरामने मान खाली घालून सही केली.

तृप्तीच्या कानावर हे आलं तेव्हा तिला वाईट वाटलं. वाईट वाटून झालं आणि ती कामाला लागली.

तिचं काम म्हणजे 'सांधा'. कॉलेज रोडवरच्या त्यांच्या सहा माणसांच्या ऑफिसात बनलेलं हे फ्रेमवर्क. कारखान्यातलं मशीन इंटरनेटला जोडायचा तयार सांगाडाच म्हणा. मालकाला घरबसल्या मोबाइलवर कोल्ड स्टोरेजचं तापमान दिसतं ते याच्याच जोरावर. तीनशे बारा ठिकाणी सांधा चालू होता, आणि त्यातला नेटवर्कचा भाग अथपासून इतिपर्यंत तृप्तीने लिहिलेला होता.

दहा मार्चला सकाळी परदेशातल्या कुणा अनोळखी सॉफ्टवेअर-तपासनिसाची मेल आली. सभ्य भाषेत त्याने कळवलं होतं की तुमच्या सांध्यात एक भोक आहे. बाहेरून येणारा प्रत्येक निरोप आधी आपली लांबी सांगतो. सांधा त्या लांबीत स्वतःचे आठ मिळवतो आणि तेवढी जागा मोकळी करतो. पण आकडा ठेवायच्या खणालाही मर्यादा असते. या खणात चारशे एकोणतीस कोटींच्या थोडं पुढेपर्यंतच आकडा मावतो. घड्याळात बारानंतर तेरा वाजत नाहीत, पुन्हा एक वाजतो, तसंच इथेही होतं. कुणी मुद्दाम अगदी काठावरचा आकडा सांगितला, तर आठ मिळवल्यावर उत्तर येतं दोन. सांधा दोनापुरती जागा करतो आणि येईल तो निरोप तिच्यात ओतत सुटतो. मग तो शेजारी सांडतो. शेजारच्या जागेत झडपांची स्थिती लिहिलेली असते, आणि ती पुसली गेली की बंद झडपही उघडते. यासाठी ना पासवर्ड लागतो, ना ओळख.

तृप्तीने अठरा फेब्रुवारीच्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि या वेळी सगळ्या वाचल्या. तीन वाजून अकरा मिनिटांनी बाहेरून एक निरोप आला होता. त्याची लांबी लिहिली होती चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे नव्वद. पुढच्याच मिनिटाला झडप चार उघडली होती. कुठल्या तरी भामट्याने जगभर खडे मारत बसावं आणि त्यातला एक सिन्नरला लागावा, तसं झालं होतं. पॅनेलवर शेवटचं नाव गोटीरामचं होतं म्हणून नोंदीत त्याचं नाव चिकटलं. गोटीरामने कशालाही हात लावला नव्हता.

"सर, आत्ताच्या आत्ता मालकांना फोन करू या," ती ज्ञानेशला म्हणाली. ऑफिस त्याचं, आणि माणूस वाईट नव्हता.

"आणि काय सांगू?" ज्ञानेशने विचारलं. "मालक पोलिसांना सांगणार, पोलिसांकडून पेपरात येणार. ते वाचून कुणीही असाच निरोप पाठवील. तीनशे बारा ठिकाणं अजून उघडी आहेत तृप्ती, निम्म्यांत अमोनिया आहे, आणि द्राक्षांचा हंगाम चालू आहे. आधी दुरुस्ती, मग बोलणं. हा नियम तूच मला शिकवलायस."

शिकवला होता खरा. या धंद्यात भोक बुजेपर्यंत तोंड बंद ठेवतात, आणि त्यात काही खोटं नाही. फक्त या तोंड बंद ठेवण्याचा भार कुणाच्या डोक्यावर पडतो, हे त्या नियमात कुठे लिहिलेलं नसतं. दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी जाऊन, प्लांट थांबवून करायची होती. पाच आठवडे तरी लागणार होते.

तृप्तीने यादीत सिन्नर पहिलं घेतलं. तेरा मार्चला तिथलं काम संपवून ती गाडीकडे निघाली, तर फाटकाशी गोटीराम क्रेट रचत होता. तिला ओळखून तो पुढे आला.

"ताई, एक इचारू? तुमी शिकलेल्या हायेत." त्याने हात पँटीला पुसले. "मला आठवतं, मी बटनाला हात लावला नाय. पन मशीन म्हनतं लावला. मशीनचं माझ्याशी काय वाकडं? मानसाचा हात त्याला न इचारता चालतो का?"

तृप्तीच्या जिभेवर सगळं आलं होतं. याला सांगावं आणि मोकळं व्हावं. पण हा बुधाला सांगणार, का सांगू नये त्याने? बुधाची बायको डॉक्टरला सांगेल, डॉक्टर आणखी कुणाला. आणि उद्या दिंडोरीत नाहीतर पिंपळगावात दुसरा एखादा बुधा पाइपाखाली असेल.

"दमल्यावर होतं असं कधी कधी," ती म्हणाली.

गोटीरामने मान हलवली, जणू इतके दिवस हवा होता तो निकाल त्याला मिळाला. "मंग बराबर. पाळी सुटली की मी रोज हास्पिटलात जातो ताई. बुधाची चिमणाबाई दारातूनच परत लावती. तिचं बी बराबर हाय."

गाडीत बसल्यावर तृप्तीला स्वतःची किळस आली. गप्प राहणं एक वेळ ठीक होतं. पण ती गप्प राहिली नव्हती, तिने त्याचा हात त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभा केला होता.

मग ती पिसाटासारखी फिरली. रोज आठ, नऊ, कधी दहा ठिकाणं. जेवणाची शुद्ध नव्हती. चोवीस मार्चला ती पिंपळगावात असताना सिन्नरच्या मॅनेजरचा मेसेज आला, बुधा सकाळी गेला. तिने तिथूनच ज्ञानेशला फोन लावला आणि रडत भांडली. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "दोनशे दहा उरलीत. तिथल्या माणसांचं काय करू, सांग तू." तिने फोन ठेवला आणि ती पुढच्या ठिकाणाकडे निघाली.

सोळा एप्रिलला शेवटची दुरुस्ती झाली. दुसऱ्या दिवशी ज्ञानेशने मालकांना आणि पोलिसांना सगळं लिहून दिलं, स्वतःची चूक कबूल करून. तृप्ती त्याची प्रत घेऊन थेट पाड्यावर गेली. गोटीराम काम सोडून तिकडेच आला होता.

तो अंगणात उभ्याउभ्या ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्याने दोन्ही हात पुढे धरून उलटेपालटे करून पाहिले.

"म्हंजे मी नव्हतो," तो म्हणाला. मग हात खाली सोडत, "चिमणाबाईनं मला खांदा दिऊ दिला नाय ताई. मी लांबून बघितलं." आणि एकदम विचारलं, "फाटकापाशी भेटल्या, तवा म्हाईत होतं?"

"हो."

त्याचा चेहरा ताठरला. तो काहीतरी बोलेल, ओरडेल, असं तृप्तीला वाटलं, आणि तसं व्हावं असंही वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "चिमणाबाईला सांगा चला. कधी कळलं ते सांगू नका. तिला सोसायचं नाय."

चिमणाबाई दारात नागली पाखडत होती. गोटीरामला पाहून ती सूप घेऊन उठायलाच लागली, पण तृप्तीने मध्ये होऊन सांगायला सुरुवात केली. निरोप, आकडा, झडप, सगळं सोपं करून सांगितलं. चूक माझ्या लिहिण्यातली, गोटीरामभाऊंची नाही, हे दोनदा सांगितलं. चिमणाबाईने सूप खाली ठेवलं.

"हे कवा कळलं तुमाला?"

तृप्तीने गोटीरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. एकदा ती या माणसाशी खोटं बोलली होती आणि त्याचं काय झालं ते समोर उभं होतं.

"दहा मार्चला," ती म्हणाली.

चिमणाबाईचे ओठ हलले, ती दिवस मोजत असावी. मग तिने तृप्तीकडे पाहिलंच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती गोटीरामशी बोलली.

"त्यो रोज इचारायचा, गोट्या आला का. पार शेवटच्या दिशीबी इचारलं. तू भाईर उभा असायचा, आन् मी सांगायची, नाय आला."