रंगपुरी गळा

"पंखा बंद करा," असं मोतालेबभाई ओरडले की आमचा दिवस सुरू झाला म्हणायचं. मायक्रोफोन एकच होता आणि त्याला आमच्या आवाजापेक्षा पंख्याची घरघर जास्त आवडायची. दारं बंद, खिडक्या बंद, खिडक्यांवर गोधड्या, आणि वर एकाहत्तर सालच्या भाद्रपदातलं कलकत्ता. घामानं हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून बोटं घसरायची, पण कुणी ब्र काढायचं नाही. काढलाच तर मी, कारण कोरस माझ्याकडे होता आणि माझी जीभ चट्टग्रामची आहे. आमच्याकडे सुकट खातात आणि मोठ्यानं भांडतात. दोन्हीचा वास लांबवर जातो.

घर साधंच होतं, एका गल्लीतलं, दुमजली. वरच्या खोलीत दिवसा रेकॉर्डिंग चालायचं, आणि रात्री त्याच गोधड्या खाली ओढून आम्ही त्यांच्यावर झोपायचो. पलीकडे आमचा देश जळत होता, आणि त्याच्यासाठी आमच्यापाशी काय होतं, तर एक टेपमशीन, एक पेटी, एक तबला आणि मूठभर गळे. टेप तयार झाली की कानाई ती जीपमधून सरहद्दीवरच्या ट्रान्समीटरकडे न्यायचा. संध्याकाळी बातम्या झाल्या की गाणी लागायची. चिखलात दबा धरून बसलेली आमची माणसं ट्रान्झिस्टर कानाशी लावून ती ऐकायची. शेजाऱ्यांना वाटायचं, कुठलीतरी कीर्तनाची मंडळी उतरली आहे.

त्या दिवशी सकाळी आमच्या मुख्य गायिका रौशनआपा उठल्याच नाहीत. डोळे लालबुंद, अंगात ताप आणि गळ्यातून आवाजच फुटेना. डोळे येण्याची साथ त्या वर्षी निर्वासितांबरोबर आली आणि कलकत्त्याच्या लोकांनी तिचं नावच 'जय बांग्ला' ठेवलं. घोषणा आमची आणि रोगही आमचा.

"आता संध्याकाळच्या गाण्याचं काय?" गोपेनदांनी विचारलं. गोपेनदा तबला वाजवायचे. बारिसालचे, वयानं सगळ्यांत मोठे, आणि गाण्याचे शब्दही त्यांचेच. "निहार, उत्तर आघाडीवरून निरोप येऊन किती दिवस झाले! म्हणतात, भाषणं पुरे झाली, आमच्या मातीतलं एक गाणं पाठवा. आज नाही गेलं तर काय तोंड दाखवायचं?"

"जाईल," मी म्हटलं. "आजच जाईल."

म्हणायला काय जातंय? गाणं होतं रंगपूरकडच्या भावैया ढंगाचं, आणि तो ढंग येणारी रौशनआपांनंतर खोलीत एकच होती. ती कोपऱ्यात बसून बटाटे सोलत होती आणि मुद्दाम मान वर करत नव्हती.

मेहेरुन तिचं नाव. आम्ही तिला कमला म्हणायचो. पलीकडे माणसं अडकलेली होती म्हणून आमच्यापैकी निम्म्यांनी अशी खोटी नावं घेतली होती. पण मेहेरुनचं नाव लपवून भागणार नव्हतं, गळाच लपवायला हवा होता. तिचे वडील, तिचे बाजान, तिस्तेकाठचे भावैया गाणारे. भावैया म्हणजे मुळात गाडीवानांचं गाणं. खाचखळग्यांच्या वाटेवर बैलगाडीचं चाक आपटलं की लांबवलेला सूर मध्येच मोडतो आणि पुन्हा सांधला जातो. तसं गातागाता त्या लोकांनी त्या मोडण्याचीच कला केली. ज्याची त्याची मोडण्याची तऱ्हा वेगळी, आणि बापलेक बाजारांतून, जत्रांतून एकत्र गायचे, त्यामुळे या दोघांची तऱ्हा तिकडे शेंबडं पोरही ओळखायचं.

चैत्रात बाजाननी तिला अंधारात होडीत बसवून दिलं. मग मिलिटरी घरी आली. मुलगी कुठे, मुक्तीवाल्यांत गेली का, म्हणून दरडावलं. बाजान म्हणाले, पटकीनं गेली. खरं वाटावं म्हणून त्यांनी मौलवीला बोलावून जिवंत मुलीचं चाळिसावं घातलं आणि गावाला जेवू घातलं. ती खरंच पोचली की तिस्तेत बुडाली, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मेहेरुनला हे सगळं निर्वासितांच्या छावणीत भेटलेल्या एका गाववालीकडून कळलं. आता हा गळा रेडिओवर ओळखू आला असता, तर बाजानना त्यांच्याच अंगणात उभं करून गोळी घातली असती. म्हणून ती नेहमी कोरसमध्ये, मागच्या रांगेत, मायक्रोफोनपासून सगळ्यांत लांब.

"एकटीनं नाही गायचं," मी तिला म्हटलं. "सगळे मिळून गाऊ. तू फक्त चाल शिकव आणि मागे उभी राहा. आणि हे बघ, मोडायचं नाही. सूर सरळ लावायचा."

"बरं, दिदी," ती म्हणाली.

चाल बसली. मोतालेबभाईंनी मशीन लावलं, हात खाली केला. गाणं असं होतं: घाटाला होडी बांधू नको रे, पलीकडलं गाव जागं आहे. 'जागं' वर सूर लांबवायचा होता. आम्ही लांबवला, आणि मागच्या रांगेतून तो मोडला. असा स्वच्छ मोडला आणि असा सांधला गेला की माझ्या अंगावर काटाच आला.

मोतालेबभाईंनी मशीन थांबवलं. "कमला!"

"चुकून झालं, मोतालेबभाई. सवय."

दुसऱ्यांदा गायला लागलो तर खाली गल्लीत जुन्या बाटल्यावाला ओरडत आला, ती टेप गेली. तिसऱ्यांदा पुन्हा 'जागं', आणि पुन्हा तेच! माझं डोकंच फिरलं. तिचा दंड धरला आणि जिन्यावर नेलं.

"बाई गं, तुला बापाला मारायचंय का? तसं सांग, म्हणजे आम्हीही हात धुऊन मोकळे होतो!"

ती खाली बघतच म्हणाली, "सवयीनं नाही झालं."

"मग?"

"मुद्दाम मोडला. दोन्ही वेळा."

मी तिचा दंड सोडला.

"दिदी, त्यांनी माझं चाळिसावं घातलंय. मिलिटरीला खोटं सांगितलं, ते ठीक. पण होडीचं काय झालं ते त्यांना कुठे माहितीये? ते रोज रेडिओ ऐकत असतील, रजईत घालून, आवाज बारीक करून. कोरसमध्ये मला कसं ओळखतील ते? मी जिवंत आहे हे त्यांना कोण सांगणार? मी पत्र पाठवू की तार करू?"

"आणि ओळखलं गावातल्या रझाकारांनी, मिलिटरीच्या त्या खबऱ्यांनी, तर?"

"म्हणून तर गाण्यात एकदाच मोडत होते."

"एकदाच! गोळीही एकच लागते." मी ओरडले खरी, पण माझे डोळे भरून आले होते आणि त्याचा मला आणखी राग आला. माझ्या मागे तिकडे कुणी उरलंच नव्हतं. ज्याचा बाप जिवंत आहे त्या माणसाचा मला त्या दिवसांत हेवा वाटायचा, आणि ही पोरगी तो बाप पणाला लावत होती. "चल वर. सरळ गायचंय. माझी शपथ आहे तुला."

तिनं शपथ पाळली. चौथ्या वेळी सूर कुठे म्हणून मोडला नाही. मोतालेबभाईंनी टेप मागे फिरवून ऐकवली.

"बिनमिठाची पेज," गोपेनदा म्हणाले.

"हे रंगपूरच्या माणसानं ऐकलं तर रेडिओ उचलून विहिरीत टाकील," मोतालेबभाई म्हणाले. "खंदकातल्या पोरांना आपण हे पाठवायचं? त्यापेक्षा भाषण बरं."

खाली जीपचा हॉर्न वाजला. कानाई वेळेचा पक्का होता. उशिरा निघालं की वाटेत चिखलात जीप रुतायची आणि त्या संध्याकाळी गाणीच नसायची. गोपेनदा म्हणाले, राहू दे, आजच्यासाठी जुनीच टेप देऊ. मी म्हटलं, नाही. हे गाणं आज जायचं म्हणजे जायचं. आणि ते बोलता बोलताच मला सुचलं.

"कमला, आम्हाला शिकव."

"काय?"

"मोडायला. आम्हा सगळ्यांना. सगळेच मोडलो तर तुझा कुठला हे कोण सांगणार?"

तिनं मान हलवली. "दिदी, हे लहानपणापासून यावं लागतं. जन्म जातो."

"आमच्याकडे कानाई बिडी ओढून संपवीपर्यंत वेळ आहे. शिकव."

मग जी गंमत झाली ती विचारू नका. आमच्यातले ढाक्याचे दोघे रवींद्रसंगीत शिकलेले, त्यांचा सूर मोडता मोडेना. मुरवून मुरवून गुळगुळीत केलेले गळे ते! गोपेनदांनी प्रयत्न केला तर कोंबडा मानेत धरल्यासारखा आवाज निघाला. तापात पडलेल्या रौशनआपाही खुदकन हसल्या. आणि मघापर्यंत 'बरं दिदी, बरं दिदी' करणारी ती पोरगी एकदम बदलली.

"गोपेनदा, ओरडू नका. पोटातून सोडा, मग घशात अडवा. दिदी, तुम्ही भांडताय. हे भांडण नाही. पुन्हा."

"मी भांडत नाहीये!"

"भांडताय. खड्डा आला की गाडीवान बैलाशी भांडत नाही, आपटतो आणि पुढे जातो. पुन्हा."

शाळेत वीस वर्षं पोरींना गाणं शिकवलं मी, आणि कुणी मला असं सगळ्यांसमोर झापलं नव्हतं. मुकाट्यानं पुन्हा गायले. हळूहळू कुणाचा सूर थोडा मोडायला लागला, कुणाचा नुसताच तुटला, कुणाचा घसरला. मोतालेबभाई मशीनपाशी बसून स्वतःशीच मोडत होते. खालून कानाई ओरडला, "मी निघू का? की तुम्हीच गात गात सरहद्दीपर्यंत येताय?"

"आलो!" मी म्हटलं. "कमला, मागे नाही, मधे उभी राहा. तुला ऐकूनच आम्ही मोडणार."

"मधे?" मोतालेबभाईंचा हात मशीनवरच राहिला. "मायक्रोफोनसमोर?"

"आमच्यासारखा तिचाही एक गळा. लावा मशीन."

गाणं एकदाच झालं. 'जागं' आलं आणि आमचे सगळ्यांचे गळे मोडले, एकदम नाही, पुढेमागे, वाटेवर गाड्यांची रांग आपटत जावी तसे. शेवटच्या ओळीला बाहेर कावळा ओरडला, पण मोतालेबभाईंनी मशीन थांबवलं नाही. टेप डब्यात गेली, डबा कानाईच्या पिशवीत गेला, आणि पंखा लावल्यावर आम्ही सगळे जमिनीवर आडवे झालो.

संध्याकाळी ट्रान्झिस्टरभोवती बसलो. ट्रान्समीटर सरहद्दीवर, त्यामुळे आमचाच आवाज आम्हाला खरखरीतून परत यायचा. निवेदक म्हणाला, उत्तरेच्या लढवय्यांसाठी, गाणारे आपलेच कलाकार. नाव कुणाचंच नाही. गाणं लागलं. उघड्या मैदानात माणसं जमून गातायत असं वाटत होतं. गोपेनदांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी मुरमुऱ्यांचा डबा फिरवला.

मेहेरुन मात्र ट्रान्झिस्टरला कान लावून बसली होती. गाणं संपलं तरी उठेना.

"दिदी," ती म्हणाली, "मीच मला सापडत नाहीये यात. बाजानना कशी सापडणार?"

मी म्हटलं, हेच तर हवं होतं ना आपल्याला. ती म्हणाली, हो. मग ती माझ्या मांडीत डोकं घालून रडली, आणि मी तिला गप्प केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पंखा बंद व्हायच्या आधी ती मधल्या जागी येऊन उभी होती. म्हणाली, कालचं पुन्हा बसवू, सगळे फार कच्चे आहात.

ते गाणं पुढे वरचेवर लागत राहिलं. उत्तरेकडून निरोप आला की आणखी पाठवा. मेहेरुन आम्हाला रोज झापायची आणि आम्ही रोज ऐकून घ्यायचो. बाजानचं काय, हे तिनंही विचारलं नाही आणि आम्हीही नाही.

कार्तिकात तसलिम मियाँ आले. तिस्तेवरचे जुने होडीवाले, आता रात्री मुक्तीवाल्यांना पार करायचे. पायाला गोळी चाटून गेली होती, म्हणून इस्पितळात आणलं होतं. कुबडी टेकत टेकत ते आमच्या जिन्यावर चढले आणि दारातूनच म्हणाले, "तुमच्यात तिस्तेकाठची पोरगी कोण?"

मेहेरुन उठली. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"तुझ्या घरी रझाकार आले होते, मिलिटरीला घेऊन," तसलिम मियाँ म्हणाले. "म्हणाले, बुढ्या, तुझी मेलेली मुलगी रेडिओवर गाते. गाणं लागेपर्यंत त्याला अंगणात बसवून ठेवलं, बंदूक लावून. गाणं लागलं. तुझ्या बापानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, साहेब, इथे तर सगळ्यांचेच गळे मोडतायत. या सगळ्याच माझ्या मुली काय? मग माझं कुटुंब फारच मोठं झालं. मिलिटरीवाला हसला आणि रझाकारालाच लाथ घालून निघून गेला."

"बाजान..." मेहेरुनच्या तोंडून एवढंच निघालं.

"ठणठणीत आहेत. रात्री माझ्या होडीवर आले. मला म्हणाले, कलकत्त्याला गेलास तर त्या गाणाऱ्यांना सांग, बाकीच्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. एक म्हातारा तर कोंबड्यासारखा ओरडतो."

गोपेनदांनी कपाळावर हात मारला.

"आणि म्हणाले, मधे जी आहे तिला सांग, मोडल्यावर श्वास घ्यायची घाई करते अजून. किती वेळा सांगितलं तिला."

मेहेरुननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडतेय की हसतेय ते मला कळेना. मग तिनं पदरानं चेहरा खसाखसा पुसला.

"घाई करते खरी," ती म्हणाली. "मोतालेबभाई, पंखा बंद करा. ती ओळ पुन्हा घेऊ."